बावन्न मिनिटांचा पाठ

गदगच्या आमच्या कॉलेजात ज्यांनी बी.एस्सी. केलं, त्यांतल्या निम्म्यांनी तरी दानम्मा हुगारला कधी ना कधी चहा पाजला आहे आणि मिरची भजी खाऊ घातली आहेत. ही काही माया नव्हे. रसायनाच्या प्रॅक्टिकलला प्रत्येक विद्यार्थ्याला एका पुडीत पांढरी भुकटी मिळते आणि ती कुठल्या क्षाराची हे दोन तासांत शोधून काढायचं असतं. त्या पुड्या भरायच्या दानम्मानं. ती प्रयोगशाळेची परिचर होती. परीक्षा चालू असताना ती फडकं घेऊन टेबलं पुसत फिरायची आणि एखाद्याचा चेहरा फारच पडलेला दिसला, की त्याच्यासमोर फडक्याखालून दोन किंवा तीन बोटं हलकेच आपटायची. जितकी बोटं, तितक्या नंबरच्या गटातला क्षार. पोरगं त्या बोटांना धरून पार व्हायचं आणि संध्याकाळी भज्यांचा पुडा घेऊन यायचं, "अक्का, वाचवलंत बघा!"

ती स्वतः बारावी सायन्सला पहिल्या वर्गात पास झालेली, पण घरात तिच्यामागे तीन बहिणी. निकालाच्या महिन्यातच लग्न झालं, ते मल्लेश हुगारशी. हुगारांचं घर पिढ्यान् पिढ्या फुलांचं. त्रिकुटेश्वराच्या देवळाबाहेर मल्लेशची आई नीलव्वा टोपली घेऊन बसायची, मल्लेश पहाटे मळ्यातून फुलं आणायचा. विसाव्या वर्षी दानम्मा रोजंदारीवर कॉलेजात लागली आणि नऊ वर्षं तिनं त्या प्रयोगशाळेत काढली.

नऊ वर्षांत तिनं नुसत्या काचा धुतल्या असं कुणी समजू नये. कुठली परीक्षानळी तापवल्यावर तडकणार, हे तिला नखानं वाजवून कळायचं. कुठल्या बाटलीचं बूच सैल आहे, कुठलं आम्ल कुणी उरलंसुरलं परत ओतून नासवलं आहे, हे ती वासावरून सांगायची. प्राध्यापक नवे यायचे आणि जायचे. जुने-नवे सगळेच प्रयोग फसला की मान वळवून म्हणायचे, "दानम्मा, काय झालं गं हे?" आणि दानम्मा काय झालं ते सांगायची. शिकवायचा पगार त्यांना, सांगायची सवय हिला. मला तर हे कधीच पटलं नाही, पण मला कोण विचारतंय!

विभागप्रमुख पट्टणशेट्टी मॅडमना मात्र एक दिवस ते खुपलं. दोन मुली ब्युरेटशी, म्हणजे थेंब थेंब सोडायच्या तोटीच्या नळीशी, झटत होत्या. रंग बदलायचा नेमका थेंब त्यांच्या हातून सारखा निसटायचा. दानम्मा नळ्या पुसता पुसता म्हणाली, "थेंब पडेपर्यंत वाट बघू नका गं. पात्र हलवल्यावर गुलाबी रंग जायला वेळ लागायला लागला, की तोटी आवळत न्यायची. रंग सांगून येतो." मुलींचा प्रयोग पुढच्या खेपेला बरोबर आला. मॅडम दारात उभ्या होत्या. त्याच वर्षी कॉलेजानं बी.एस्सी. बी.एड.चा चार वर्षांचा एकत्र अभ्यासक्रम काढला होता, हायस्कुलात रसायन शिकवणारे तयार करण्यासाठी. मॅडमनी फॉर्म आणून दानम्माच्या ओल्या हातात ठेवला.

"मॅडम, एकोणतीस संपेल मला."

"मग? तेहेतिसाव्या वर्षी शिक्षिका होशील. नाहीतर तेहेतिसाव्या वर्षीही बाटल्या धूत असशील. वर्षं तर दोन्हीकडे तेवढीच लागणार."

घरी नीलव्वानं हार ओवता ओवता सगळं ऐकून घेतलं आणि सुई थांबवली. "बाटल्या धुवायला डिग्री लागते होय? आता म्हातारपणी दप्तर घेऊन जाणार ही. नात विचारेल, आई, तुझा गृहपाठ झाला का!" मल्लेश फार बोलणारा माणूस नव्हे. तो म्हणाला, "भर तू फॉर्म," आणि टोपली उचलून गेला. नीलव्वा पुढची चार वर्षं रोज सकाळी एक टोमणा मारायची आणि रोज सकाळी सुनेच्या डब्यात जोंधळ्याची भाकरी आणि शेंगाचटणी मात्र स्वतःच्या हातानं बांधायची. त्या दोन्ही गोष्टी तिनं एक दिवसही चुकवल्या नाहीत.

वर्गात सगळी अठरा-एकोणीस वर्षांची पोरं. ती हिला अक्काच म्हणायची. प्रॅक्टिकल परीक्षा आली, तेव्हा दानम्मा स्वतःहून मॅडमकडे गेली आणि म्हणाली, "माझी पुडी दुसऱ्या कॉलेजातून मागवा. इथल्या बरण्यांतली भुकटी मला नुसतं बघून ओळखू येते, ती परीक्षा कसली?" मॅडमनी मागवली. दानम्मानं ती दोन तासांत रीतसर शोधली आणि आयुष्यात पहिल्यांदा फडक्याखालच्या बोटांची तिला लाज वाटली. इतकी वर्षं आपण पोरांना मदत करत नव्हतो, त्यांच्या हातातला प्रयोग काढून घेत होतो, हे तिला त्या दिवशी कळलं.

शिकण्यात ती कुठे कमी पडली नाही. कमी पडली ती शिकवण्यात, आणि तीही अशी की सांगूनही खोटं वाटेल. तिसऱ्या वर्षी पहिला सराव पाठ होता, आठवीच्या वर्गावर. तिनं टेबल असं मांडलं होतं की मॅडम बघत राहिल्या. मग घंटा झाली आणि दानम्मा टेबलाच्या कोपऱ्याला जाऊन, हात मागे बांधून, मान खाली घालून उभी राहिली. वर्ग वाट बघतोय, दानम्मा वाट बघतेय. कुणाची? साहेबांची! नऊ वर्षांत टेबलामागे ती कधी उभी राहिलीच नव्हती. मग एकदम भान येऊन तिनं परीक्षानळी उचलली आणि सवयीनं ती शेजारच्या रिकाम्या हवेत पुढे धरली, जणू कुणी घेणार आहे. आठवीची पोरं फुटलीच हसून. पाठाला तिला काठावरचे गुण पडले.

मॅडम तिला बाहेर म्हणाल्या, "तुला रसायन कुणी शिकवायची गरज नाही. टेबलाच्या कोपऱ्यापासून मधोमध यायला शिक. तीन फुटांचं अंतर आहे." त्या तीन फुटांना दानम्माला दीड वर्ष लागलं. ती रिकाम्या वर्गात जाऊन मधोमध उभी राहायची आणि बाकांशी बोलायची.

शेवटचा पाठ चौथ्या वर्षी फेब्रुवारीत आला. शंभर गुणांचा, बाहेरच्या परीक्षकासमोर. त्यात नापास झालं तर डिग्री पुढल्या वर्षावर जाते, आणि नीलव्वाच्या गुडघ्यांनी तेव्हा टोपलीसमोर बसायला नकार द्यायला सुरुवात केलेली. दानम्माच्या हातात आणखी एक वर्ष नव्हतं. परीक्षक होते प्राध्यापक बेण्णूर, हुबळीचे. कडक म्हणून सगळ्या जिल्ह्याला माहीत. दानम्माला ते वेगळ्याच कारणानं माहीत होते. सहा वर्षं ते प्रॅक्टिकलला परीक्षक म्हणून यायचे आणि प्रयोगशाळेच्या दारातून ओरडायचे, "ए, चहा आण गं, आणि या वेळी गरम असू दे!"

पाठ नववीवर होता, एका सरकारी अनुदानाच्या शाळेत. विषय कार्बन डायऑक्साइड आणि चुन्याची निवळी. संगमरवराच्या तुकड्यांवर आम्ल टाकायचं, निघालेला वायू वाकड्या नळीनं निवळीत सोडायचा, निवळी दुधाळ होते. सोपा प्रयोग. निवळी दानम्मानं दोन दिवस आधी स्वतः केली होती, आणि ती जशी करायची तशीच केली होती. बाटलीच्या तळाला बोटभर चुना मुद्दाम राहू दिला होता. तळाशी चुना असला की वरचं पाणी ताजं राहतं. हे पुस्तकात एका ओळीत असतं आणि कुणी वाचत नाही.

आता आमच्याकडे एक रिवाज आहे. शेवटच्या पाठाच्या दिवशी टेबल ज्याचा पाठ त्यानं मांडायचं नाही, त्याच्या सोबत्यांनी मांडायचं. त्यानं पाहुण्यासारखं दारातून यायचं. इतकी वर्षं दुसऱ्यांची टेबलं मांडलेल्या दानम्माचं टेबल त्या दिवशी प्रथमच कुणीतरी दुसरं मांडणार होतं. विनुता नावाच्या तिच्या वर्गमैत्रिणीनं ते काम हट्टानं मागून घेतलं. "अक्का, आज तुम्ही बाटलीला हात लावायचा नाही. आज तुम्ही टीचर!" दानम्मा ऐकून हसली खरी, पण डोळे भरून आले होते.

शाळेचा विज्ञानशिक्षक वीरेश मेटी. हा पूर्वी भज्यांचा पुडा आणणाऱ्यांतला. तो जिन्यात दानम्माच्या कानाशी म्हणाला, "अक्का, काळजी सोडा. पोरांकडून काल सगळं घोटून घेतलंय. तुम्ही विचारायचा अवकाश, सगळे एका सुरात सांगतील. तुमच्या उपकारांची थोडी फेड!"

दानम्माला काही बोलायला सवड मिळाली नाही. घंटा झाली. बेण्णूर सर मागच्या बाकावर बसले होते, मांडीवर गुणपत्रक, तोंडात पान. दानम्मा दारातून आली, थेट टेबलाच्या मधोमध जाऊन उभी राहिली आणि बोलू लागली. काय बोलली! सोड्याची बाटली उघडताना फसफसतं ते काय असतं, इथपासून सुरुवात केली आणि दहा मिनिटांत पोरं बाकावर पुढे सरकून बसली. खिडकीबाहेर उभ्या असलेल्या मॅडमनी विनुताचा हात दाबला.

मग तिनं आम्ल ओतलं. बुडबुडे आले. वाकडी नळी निवळीत बुडवली आणि विचारलं, "निवळीचं काय झालं?"

"दुधासारखी पांढरी झाली, टीचर!" बावीस पोरांचा एक सूर.

दानम्मानं निवळीची परीक्षानळी वर धरली. आत पाणी होतं, पिण्याच्या पाण्यासारखं नितळ.

बेण्णूर सरांना इतक्या लांबून दिसणं शक्य नव्हतं. त्यांच्या कानावर उत्तर गेलं होतं आणि त्यांचं पेन गुणपत्रकावर चाललं होतं. एक "शाब्बास" म्हणायचा अवकाश होता. फळा पुसून पुढची पायरी लिहायची, वेळेत पाठ संपवायचा, डिग्री घ्यायची. दानम्मानं बाटलीकडे पाहिलं. बाटली तिचीच, चिठ्ठी तिच्याच अक्षरातली, पण तळ लख्ख स्वच्छ. चुना नव्हता. कुणीतरी बाटली धुतली होती आणि शाळेच्या कपाटातली जुनी निवळी तीत भरली होती. खिडकीत विनुताचा चेहरा पांढरा पडलेला तिला दिसला आणि काय झालं ते सगळं कळलं.

तिनं नळी समोरच्या बाकावरच्या मुलीपुढे धरली. शैला बडिगेर तिचं नाव. "जवळून बघ. पांढरी आहे?"

शैलानं नळीकडे पाहिलं, मग भिंतीशी उभ्या वीरेश सरांकडे, मग परत नळीकडे. "सगळे म्हणाले म्हणून मीही म्हटलं... नाही टीचर. पाणीच आहे."

"मलाही पाणीच दिसतंय," दानम्मा म्हणाली. आवाज वर्गभर ऐकू गेला. "वह्या काढा. लिहा, निवळी दुधाळ झाली नाही. जे दिसलं ते लिहायचं."

मागे पेन थांबलं. वीरेश मेटीनं कपाळावर हात मारून घेतला.

"आता मला सांगा, खोड कशात आहे? वायूत की निवळीत?"

असं पोरांना कधी कुणी विचारलंच नव्हतं. मग एक जण म्हणाला, "वायू दुसऱ्या निवळीत सोडून बघायचा, टीचर."

"बरोबर. माझं म्हणणं, ही निवळी जुनी आहे. हवेतला वायू पिऊन पिऊन हिचं पोट आधीच भरलंय. पण माझं म्हणणं खरं कशावरून? नवी करून बघू. त्याला चुना लागेल. कुठे मिळेल?"

"अज्जी पानाला लावते तो!" कुणीतरी ओरडलं आणि वर्ग हसला. हसता हसता बावीस माना एकदम मागे वळल्या, कारण तोंडात पान असलेला माणूस वर्गात एकच होता.

बेण्णूर सरांचं तोंड चालायचं थांबलं. मग त्यांनी कोटाच्या खिशात हात घातला आणि चुन्याची डबी बाकावर ठेवली. शैलानं ती टेबलापर्यंत आणली.

दानम्मानं बोटभर चुना पाण्यात कालवला, नरसाळ्यात गाळणकागद घडी करून बसवला आणि ओतलं. थेंब पडू लागले. पाठाच्या टाचणात या कामाला एकही मिनिट नव्हतं. एक थेंब, मग दुसरा. पोरं उठून टेबलाभोवती जमली आणि दानम्मानं त्यांना बसा म्हटलं नाही. तास संपल्याची घंटा झाली. गणिताचे शिक्षक खडू घेऊन दारात उभे राहिले. मागून बेण्णूर सर म्हणाले, "आत या आणि बसा." ते बसले. थेंब पडतच होते आणि त्यांना काही घाई नव्हती.

अर्धी परीक्षानळी भरली. नितळ पाणी. दानम्मानं आम्ल पुन्हा ओतलं आणि वाकडी नळी शैलाच्याच हातात दिली. "तू बुडव."

या वेळी कुणी एका सुरात ओरडलं नाही. बुडबुडे वर आले आणि परीक्षानळीत धुकं उतरावं तसं काहीतरी झालं, मग दाट झालं, मग दुधासारखं. मागच्या रांगेतला एक मुलगा नुसता "अय्यय्यो!" म्हणाला. दानम्माला त्या क्षणी जे वाटलं त्याला अभिमानच म्हणतात. दुसरा शब्द मला माहीत नाही.

"लिहा," ती म्हणाली. "पण पहिलं खोडायचं नाही."

पाठ संपला तेव्हा घड्याळात बावन्न मिनिटं झाली होती. नेमलेली चाळीस. पोरं बाहेर गेली तशी विनुता रडतच आत आली. "अक्का, मीच केलं. तळाला पांढरं साचलेलं दिसलं, मला वाटलं घाण बसलीय. म्हणून घासून धुतली."

"माझ्या हातची बाटली, आणि घाण?" दानम्मा भडकली. "नऊ वर्षांत असं म्हणायची कुणाची छाती झाली नव्हती!" आणि मग तिलाच हसू आलं, तशी विनुता रडता रडता हसायला लागली.

वीरेश खाली मान घालून उभा होता. "अक्का, चुकलं. मी पोरांना घोटवायला नको होतं."

"तुला ते मीच शिकवलं होतं, वीरेश," दानम्मा म्हणाली. "फडक्याखालून, दोन बोटांनी. आजपासून आपण दोघांनीही सोडायचं." वीरेशनं मान हलवली.

बेण्णूर सर डबी न्यायला टेबलापाशी आले. उघडून बघितली तर रिकामी. "मला अख्खी दुपार पानाशिवाय काढायला लावलीत तुम्ही," ते म्हणाले, आणि पोरांच्या दोन-तीन वह्या चाळून गेले. चेहऱ्यावरून काही कळायला मार्ग नव्हता. त्या रात्री दानम्मा जेवली नाही.

गुणपत्रक तीन आठवड्यांनी आलं. देवळाबाहेर, टोपलीशेजारीच, दानम्मानं ते वाचून दाखवलं. मल्लेश पाण्याचा शिपका मारत उभा होता. शंभरपैकी ब्याण्णव. कॉलेजात दुसरी. मल्लेशच्या हातातला तांब्या तसाच राहिला आणि फुलांवरचं पाणी त्याच्या पायावर सांडलं.

नीलव्वाला तेवढ्यानं कुठे भागतंय! ती म्हणाली, "ब्याण्णव? उरलेले आठ कुठे गेले?"

"चार इकडे-तिकडे. आणि वेळ पाळली नाही म्हणून पाचातला एकच दिला, अव्वा. चार गेले ते त्यात."

"वेळ का नाही पाळलीस? एवढी चार वर्षं शिकलीस ती काय घड्याळ न बघायला?"

"निवळी गाळत होते. गाळून झाल्याशिवाय पोरांना दाखवणार काय?"

नीलव्वानं सुनेकडे पाहिलं. मग समोर हार घ्यायला थांबलेल्या बाईकडे वळून, सबंध देवळाला ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली, "ऐकलंत? मास्तरांनी हिचे गुण कापले, पोरांना गढूळ दिलं नाही म्हणून! आमची सून आहे. हायस्कुलात रसायन शिकवते."

डिग्री हातात येऊन शिकवायला लागायला अजून चार महिने होते. दानम्मानं सासूला दुरुस्त केलं नाही.